न पिचणाऱ्या बांगड्या

"मूठ सैल सोडा, धाकट्या वहिनी," मी म्हटलं. "आवळून धरलीत तर बांगडी चढायची कशी?"

पद्मिनीनं मूठ सोडली नाही. तरीही हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकन आत गेली आणि थेट कोपराकडे घसरली. मी चपापले. दोन वर्षांपूर्वी याच हातात लग्नाचा चुडा भरताना दोन-सहाचं माप लागलं होतं, तेही साबणाचा हात लावून. आता दोन-चारची बांगडी ढगळ होत होती.

समोर चौरंगावर तिच्या सासूबाई, आक्कासाहेब खराडे, सुपारी कातरत बसल्या होत्या.

"महिन्यात तिसऱ्यांदा तुम्हाला खेप पडली, कासारीणबाई," त्या म्हणाल्या. "आमची धाकटी म्हणजे नुसती धसमुसळी. कुठं हात आपटते, कशी आपटते, देव जाणे. थोरलीच्या बांगड्या वर्ष वर्ष टिकतात."

"काचेचा जीव तो, आक्कासाहेब. पिचायचाच," मी हसून म्हटलं. "आणि मला काय, तेवढंच तुमचं दर्शन होतं."

हसून बोलणं हा माझा धंदाच होता. किंबहुना बांगड्यांपेक्षा तोच जास्त होता.

एक्क्याण्णव सालची ही गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावात त्याआधी तीन-चार वर्षं एसटी स्टँडसमोर बांगड्यांचं नवीन मॅचिंग सेंटर निघालं होतं. काचेची कपाटं, डोक्यावर पंखा, बसायला खुर्च्या. आमचं दुकान कासार गल्लीत, चार बायका आल्या की पाचवीनं पायरीवर थांबायचं, एवढंसं. वर्षभरात गिऱ्हाईक इतकं तुटलं, की माझे यजमान स्टीलच्या भांड्यांची एजन्सी घ्यायची भाषा बोलू लागले. मी म्हटलं, तो सेंटरवाला दुकानात बसून बायकांची वाट बघतोय ना, मग आपण बायकांच्या घरी जाऊ. आणि मी जाहीर करून टाकलं, की माझ्याकडे हात भरला की वर्षभर पिचलेली बांगडी मी घरी येऊन बदलून देणार, फुकट.

लोक हसले. पण मी बाईमाणूस, मला ठाऊक होतं. एक बांगडी पिचली म्हणून कुणी सून बाजारात जात नाही. ओका हात पदराखाली लपवून चार दिवस वावरते आणि पाचव्या दिवशी सासूचं बोलणं खाते. अशा वेळी आपण होऊन दारात येणारी कासारीण तिला माहेरच्या माणसासारखी वाटते. दोन वर्षांत साठ-सत्तर घरांची पुढची-मागची दारं मला उघडी झाली. मॅचिंग सेंटरवाला पंख्याखाली माश्या मारत बसला.

दुसरा मंत्र मला सासूबाईंनी दिला होता. आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं खेडी पालथी घातलेली बाई. त्या म्हणायच्या, "रत्ने, कासारणीचा हात मऊ पाहिजे आन् निरोप गोड. लेकीकडनं आईकडं जाताना चांगलं तेवढं न्यायचं, वाईट असंल ते उंबऱ्यात ठेवून यायचं. मग दोन्ही घरं तुझी." मी ते तंतोतंत पाळत होते. आठवड्याच्या बाजारात मी पाल ठोकलं की खेड्यातल्या आया बांगड्यांआधी लेकीची खुशाली विचारायच्या. मी म्हणायची, सुखात आहे. मग ती माउली डोळे पुसून डझनभर बांगड्या घ्यायची. यात मी कुणाला फसवते आहे असं मला कधी वाटलं नाही. सासुरवास कुणाला चुकलाय, उगाच आईच्या जिवाला घोर कशाला?

खराड्यांचं घर म्हणजे या सगळ्यावरचा कळस. तेलाची गिरणी, कापडाचं दुकान, घरात सात बायका आणि आसपासच्या चाळीस गावांत सोयरेधायरे. खराड्यांची कासारीण ती सगळ्यांची कासारीण. त्यात वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलेलं. लग्नघरी कासार बसवायची पद्धत असते. आलेल्या प्रत्येक सवाष्णीचा हात यजमानांकडून भरायचा. तीन दिवस, चारशे तरी हात. आक्कासाहेब अजून कुणाचं नाव घेत नव्हत्या. मॅचिंग सेंटरवाल्यानं त्यांच्याकडे पेढ्यांचा पुडा पाठवल्याचं मला कळलं होतं, आणि माझी झोप उडाली होती.

तर त्या दिवशी मी पद्मिनीचा दुसरा हात हातात घेतला आणि आत टेलिफोन वाजला. आक्कासाहेब अडकित्ता ठेवून उठल्या. त्या दिवाणखान्यात गेल्याची चाहूल घेऊन पद्मिनीनं माझं बोट घट्ट धरलं. तिचा तळवा गरम होता.

"काकू, गुरुवारी कान्हरवाडीच्या बाजाराला जाता ना? माझी आई भेटते ना तुम्हाला?"

"भेटते की. दर गुरुवारी तुमची चौकशी करतात."

"तिला सांगा, मला न्यायला ये." ती भरभर बोलत होती. "मला बरं नाही, काकू. रोज संध्याकाळी ताप चढतो. जेवण जात नाही. मी सांगितलं तर म्हणतात, माहेरी जायचं सोंग आहे. चार दिवस आईकडं झोपले ना, तरी मी बरी होईन."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"काढा देतात. तिला म्हणावं, येऊन भांड, पाया पड, काय वाटेल ते कर, पण ये. सांगाल ना?"

तिची आई का येत नव्हती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पद्मिनीच्या लग्नात आक्कासाहेबांच्या धाकट्या भावाला फेटा बांधायचा राहून गेला होता. मुलीचा बाप नाही, चुलत्यानं कसंबसं लग्न उभं केलेलं, त्या गडबडीत एक फेटा कमी पडला. तेवढ्यावरून पहिल्या दिवाळीला लेकीला न्यायला आलेल्या तारामावशींना खराड्यांनी ओसरीवर बसवून, पाण्याचा तांब्याही न देता परत पाठवलं. त्यानंतर ती बाई या दारात आली नाही, आणि लेक त्या दारात गेली नाही. पत्र आलं तर आधी आक्कासाहेब वाचायच्या. तारामावशींना तर लिहितावाचता येतच नव्हतं. बाहेरचं म्हणून त्या पोरीला माझ्याशिवाय कुणी भेटत नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं. हे कुणाला खरं वाटो न वाटो, पण तसंच होतं.

आक्कासाहेब परत आल्या, चौरंगावर टेकल्या आणि सहज म्हणाल्या, "कासारीणबाई, वैशाखात दशमीपासनं तीन दिवस मोकळे ठेवा. लग्नात तुम्हीच बसायचं."

मी वाकून त्यांना नमस्कार केला. पद्मिनी उठून आत गेली ते मी पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली.

गुरुवारी कान्हरवाडीत पाल ठोकतेय तोवर तारामावशी आल्याच. काळसर, उंच बाई. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. माझ्यासाठी दर खेपेला काहीतरी आणायच्याच.

"बाई, पोरगी दिसली का ह्या आठवड्यात?"

"दिसली की. परवाच हात भरला."

"कशी हाय?"

दोनच दिवसांपूर्वी तो गरम तळवा माझ्या हातात होता. मी तोंड उघडलं. आणि माझ्या डोळ्यांपुढं पुढचं सगळं उभं राहिलं. ही बाई आजच एसटी धरणार, खराड्यांच्या दारात जाऊन रडणार-ओरडणार, आणि आक्कासाहेब विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं? त्या घरात बाहेरून जाणारी बाई एकच होती. लग्नाला पंचवीस दिवस होते.

"सुखात आहे," मी म्हटलं. "जरा बारीक झालीय. उन्हाळा आहे ना."

"बारीक? का वो?"

"घरात लग्न, धावपळ. कामं काय कमी असतात? खराड्यांच्या घरात खायला का तोटा आहे, मावशी?"

"त्ये बी खरंच." त्यांनी शेंगांची जुडी माझ्या पाटीत ठेवली. जरा वेळ तिथंच घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मी म्हन्ते बाई, आपूनच जाऊन यावं का? फेट्याचं दोन वरसं झाली. भावजी म्हनत्यात, त्यांच्यात आता शुभकार्य हाय, मन मोठं करतील. दोन फेटं घिऊन जाते, आक्कासायबांच्या पायावर डोकं ठिवते. पोरगी डोळ्यानं बघितली म्हंजी मला बरं वाटंल. जाऊ का? तुमी सांगशीला तसं."

मी सांगेन तसं. त्या बाईनं जायचं ठरवलंच होतं. मी नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. निरोपही द्यायला लागला नसता. पण एकदा मनात भीती बसली की माणूस नको तेवढा हुशार होतो.

"आत्ता नको, मावशी," मी म्हटलं. "लग्नघरात शंभर माणसं. त्यात कुणी वेडंवाकडं बोललं तर पुन्हा सगळं चिघळायचं. लग्न पार पडू दे. मग मी स्वतः तुम्हाला घेऊन जाते. आक्कासाहेब माझा शब्द मोडायच्या नाहीत."

"तुमी नेशीला?" त्यांचे डोळे भरून आले. "लई उपकार व्हतील बघा."

त्या दिवशी त्यांनी धाकट्या लेकीसाठी दोन डझन बांगड्या घेतल्या.

पुढच्याच मंगळवारी खराड्यांचा गडी आला. धाकट्या वहिनींच्या बांगड्या पिचल्यात. मी गेले. या खेपेला मनगटावर काचेचे ओरखडे होते, एक चांगला खोल. आक्कासाहेब समोरून हलल्या नाहीत. पद्मिनीनं नुसतं डोळ्यांनी विचारलं. मी बांगड्या चढवताना पुटपुटले, "बाजाराला आल्या नव्हत्या." तिनं मान हलवली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

चार दिवसांनी पुन्हा बोलावणं. तेव्हा मात्र मी घाबरले. मी मनाशी एक अर्थ लावला होता. तिचा नवरा गिरणीवरून येतो, डोकं फिरलेलं असतं, हात पिरगाळतो, काच मनगटात घुसते. आक्कासाहेब 'आपटते, आपटते' म्हणतात ते पांघरूण घालायला. अशी घरं मी पाहिली होती. काय करावं कळेना. बोलणं तर शक्य नव्हतं. पण तिच्या हातात काच घुसू नये एवढं तरी मला करता येईल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं, तर आठवड्यातून दोनदा तिच्या डोळ्यांना डोळा देणं मला जड जात होतं.

मुंबईच्या व्यापाऱ्याकडून तेव्हा नवा माल आला होता. पितळेच्या बारीक बांगड्या, वर हिरवा मुलामा. चार हातांवरून काचेच्याच वाटत. दगडावर आपटल्या तरी काही होत नसे. त्यातल्या दोन-दोनच्या मापाच्या मी डझनभर काढल्या.

"बघा, आक्कासाहेब," मी म्हटलं. "पिचायची कटकटच नको. लग्नाच्या गडबडीत ओका हात दिसायला नको आणि वहिनींच्या मनगटाला इजाही नको. ही माझ्याकडून भेट."

आक्कासाहेबांनी एक बांगडी हातात घेऊन चौरंगाच्या कडेवर आपटून पाहिली. खूश झाल्या. "कुणाला काय हवं ते तुम्हाला न सांगता कळतं, कासारीणबाई. उगीच नाही बायका तुमचं नाव घेत."

पद्मिनी त्या बांगड्यांकडे पाहत होती.

"या फुटत नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही. कितीही आपटा."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही कधी याल?"

"अहो, लग्नात तीन दिवस इथंच आहे की मी."

तिनं हात पुढं केला नाही. मीच तो ओढून घेतला. बांगड्या भरून झाल्यावर सवाष्णी कासारणीला नमस्कार करतात तोही तिनं केला नाही. आक्कासाहेब म्हणाल्या, "वळण नाही माहेरचं." मी म्हटलं, "असू दे हो, दमल्या असतील."

त्यानंतर खराड्यांकडून बोलावणं आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्या घरात सगळं ठीक असणार, अशी मी समजूत करून घेतली. गुरुवारी तारामावशींना तोंडभर सांगितलं, सुखात आहे.

लग्न थाटात झालं. तीन दिवस मी परसदारी मांडवात बसून होते. चारशे म्हणता सव्वापाचशे हात भरले. गावोगावच्या पाटलिणी, वकिलिणी, मास्तरणी माझ्यापुढं हात करून बसत होत्या आणि मी प्रत्येकीचं माप, नाव, गाव डोक्यात साठवत होते. पद्मिनी दिसली नाही. थोरली सून विजयावहिनी पुरणाचं पातेलं घेऊन चालली होती, तिला मी विचारलं.

"वर माडीवर झोपलीय. ताप आहे," ती म्हणाली. "तुमची आठवण काढत होती."

जिना माझ्यापासून दहा पावलांवर होता. समोर पंधरा बायका रांगेत होत्या. मी म्हटलं, एवढ्या उरकल्या की वर जाऊन येते. त्या उरकल्या, दुसऱ्या आल्या. संध्याकाळी पाठीचा काटा ढिला झाला, उजेड गेला, मी पाटी बांधली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही.

लग्नानंतर आमच्या दुकानाला जे दिवस आले ते आत्यांनीही जन्मात पाहिले नव्हते. पाहुण्यांच्या गावांतून बोलावणी सुरू झाली. मी दोन गुरुवार कान्हरवाडीचा बाजार चुकवला. तारामावशींना घेऊन जायचं मनात होतं, खरंच होतं. पुढच्या गुरुवारी नक्की, असं म्हणत होते.

ज्येष्ठातल्या एका सकाळी खराड्यांचा गडी दारात आला. "बाई, हिरवा चुडा घिऊन बलिवलंय."

माझा चेहरा उजळला. "आत्या, धाकटीला दिवस राहिले वाटतं!" असं आत डोकावून मी ओरडलेसुद्धा. ताप, अन्न न जाणं, सगळ्याचा उलगडा झाल्यासारखं वाटलं. मी चांगल्यातला चांगला माल काढायला लागले. गडी पायरीवर उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "लई निवडू नगा. धाकट्या वयनी पहाटं गेल्या."

सवाष्ण गेली तर तिला हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, हातात काचेचा हिरवा चुडा घालतात. मी ते काम पूर्वीही केलं होतं, आत्यांबरोबर. म्हाताऱ्या, नांदून-सवरून गेलेल्या बायकांचं. त्या दिवशी माझ्या पाटीत कुठलं माप घ्यावं तेच मला कळत नव्हतं.

माजघरात तिला पाटावर टेकवून बसवलं होतं. अंघोळ झाली होती. विजयावहिनी तिच्या पाठीला आधार देऊन बसली होती. आक्कासाहेब बाहेर माणसांत होत्या. मी तिचा उजवा हात उचलला. अख्खा हात काडीसारखा, दंडाला चिमटीत धरण्याइतकंही मांस नव्हतं. पण मनगट तेवढं सुजलेलं, काळंनिळं, आणि त्या सुजेत माझ्या पितळी बांगड्या रुतून बसलेल्या. त्यांच्यावरचा हिरवा मुलामा एका बाजूनं पार खरवडून गेला होता आणि बांगड्या चेपून वाकड्या झाल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं. "मारलं का हिला कुणी?"

"नाही हो, काकू." विजयावहिनी दरवाजाकडे पाहत हळू बोलली. "भाऊजींनी बोट लावलं नाही तिला कधी. तीच आपटायची. मोरीच्या दगडावर."

"का?"

"आधीही तीच फोडायची. मला सांगायची, बांगडी पिचली की कासारीणकाकू येतात, काकू आल्या की आईचा निरोप येईल." तिनं पद्मिनीच्या कपाळावरची ओली बट मागे केली. "या तुम्ही दिल्या, त्या काही फुटेनात. मी म्हटलं, अगं पितळेच्या आहेत, कशा फुटतील? तरी रोज आपटायची. शेवटी शेवटी मोरीपर्यंत जाता येईना, तर खाटेच्या लोखंडावर आपटायची. आवाज यायचा रात्रंदिवस."

मी साबण मागितला. साबण लावून लावून एकेक बांगडी सोडवली. मेलेल्या माणसाला दुखत नाही, पण मी प्रत्येक बांगडीला थांबत होते. मला रडता येत नव्हतं. आपण एका पोरीचं तोंड बंद करून टाकलं, आणि तेही भेट म्हणून, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. मग काचेच्या भरल्या. उजव्या हाताला दोन-सहाच्या लागल्या, सुजेमुळं. डाव्या हातातून दोन-दोनच्याही गळून पडत होत्या. विजयावहिनीनं त्या दोऱ्यानं बांधल्या.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. तारामावशी आल्या होत्या. चुलत्यानं आणलं होतं. या खेपेला त्यांना कुणी ओसरीवर अडवलं नाही. त्या लेकीच्या अंगावर कोसळल्या. किती वेळ गेला कोण जाणे. बायकांनी त्यांना ओढून बाजूला बसवलं, तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी पाटी आवरून भिंतीला टेकून उभी होते. आक्कासाहेब आता दारात येऊन उभ्या होत्या, मागे सोयऱ्यांच्या पाच-सहा बायका. सगळ्या माझ्या गिऱ्हाईक.

तारामावशींनी माझे दोन्ही हात धरले.

"बाई, तुमी तरी व्हता वो. माझ्या लेकीचा हात तुमी तरी हातात घेत व्हता." त्या म्हणाल्या. "मला खरं सांगा. सुखात व्हती न्हवं माझी पोर? तिला काय कमी न्हवतं न्हवं?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. आक्कासाहेबही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, हे मला अजून आठवतं. त्या क्षणी मी काहीही बोलू शकले असते. त्या माउलीला खरं हवं होतं, तिनं तोंडानं मागितलं होतं. पण खरं सांगायचं तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती.

"सुखात होती, मावशी," मी म्हटलं. "ताप काय, कुणालाही येतो."

तारामावशींनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. आक्कासाहेबांनी पदर तोंडाला लावला. तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावून जरीचं लुगडं नेसवलं. कशासाठी ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यानंतर खराड्यांच्या चाळीस गावांतल्या सोयऱ्यांकडे दुसऱ्या कासाराचं पाऊल पडलं नाही.

आत्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी बी असं केलंय, रत्ने. एकदा न्हाई." आणि उठून दिवा लावायला गेल्या. त्यांनी मला धीर द्यायला ते सांगितलं असावं, पण मला जास्तच भीती वाटली.

दीड वर्षानं दुकान वाढवलं. शेजारचा गाळा घेतला, आरसे लावले. एका दुपारी तारामावशी आल्या, सोबत धाकटी लेक. तिचं लग्न ठरलं होतं. कान्हरवाडीहून आमच्या गावापर्यंत वाटेत चार कासार होते.

"चुडा तुमच्याच हातनं भरायचा, बाई," तारामावशी म्हणाल्या. "दुसरीकडं जायला मन धजना."

पोरगी थोरलीसारखीच होती. तळवे मोठे, माप दोन-सहा. मी तिचा हात हातात घेतला. पहिलीच बांगडी पिचली. दुसरीही. मी आयुष्यात लागोपाठ दोन बांगड्या कधी पिचवल्या नव्हत्या.

"कुठं दिलंय हिला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"हितंच, तुमच्या गावात. मोहित्यांच्यात." तारामावशी लेकीकडे वळल्या. "हे बघ, सासरी काय दुखलं-खुपलं तर मनात ठिवायचं न्हाई. ह्या बाईंना सांगायचं. तुझ्या थोरल्या भनीची खुशाली ह्याच मला आणून देत व्हत्या, शेवटपातूर. ह्यांच्या कानावर घातलं म्हंजी माझ्यापतूर आलंच म्हनून समज."

पोरीनं माझ्याकडे पाहून मान डोलावली.

"मला नको सांगूस, बाळ," मी म्हटलं. "माझ्याकडे निरोप देऊ नकोस. दुसऱ्या कुणालाही दे. मला नको."

पोरगी गोंधळून आईकडे बघायला लागली. तारामावशींनी जरा वेळ माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि मला वाटलं, कळलं यांना. आता विचारतील. विचारलं तर या खेपेला सांगायचं.

त्यांनी डोळे पुसले आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "येवढं केलं आपल्यासाठी, पर बाईंना मोठेपना नको असतो. पाया पड त्यांच्या."